रोज एक गोळी, बाकी सगळं नॉर्मल?

एचआयव्हीवर आज साधी, स्वस्त आणि जबरदस्त परिणामकारक औषधं आहेत. ती नियमित घेणारा माणूस तुमच्यासारखाच जॉब करतो, ईएमआय भरतो, लग्न करतो आणि चक्क म्हातारा होतो! मग त्याच्या जगण्यातलं नेमकं काय अजून अवघड आहे? याचं उत्तर मेडिकलच्या दुकानात नाही, तुमच्या-आमच्या ऑफिसात आहे.

समजा, तुमच्या टीममध्ये एक जण आहे. वय तिशीच्या आसपास. काम चोख, डेडलाइन सहसा चुकवत नाही, आयपीएलवर तासभर बडबड करू शकतो. दर दोन-तीन महिन्यांनी एका सकाळी मात्र हाफ डे टाकतो. विचारलं तर 'बँकेचं काम होतं रे' म्हणतो. ऑफिस ट्रिपला रूम शेअर करायचा विषय निघाला, की जरा गप्प होतो. बाकी त्याच्यात वेगळं असं काहीही नाही.

हा 'तो' काल्पनिक आहे. 'ती'सुद्धा असू शकते. पण आकडे काल्पनिक नाहीत. २०२३ च्या सरकारी अंदाजानुसार भारतात २५ लाखांहून अधिक लोक एचआयव्हीसह जगताहेत आणि त्यात सर्वाधिक संख्या महाराष्ट्राची आहे. देशभरात सोळा लाखांहून अधिक लोक नियमित उपचार घेताहेत. ही सगळी माणसं कुठे असतील? तुमच्या लोकलमध्ये, तुमच्या सोसायटीत, कॅफेटेरियाच्या रांगेत तुमच्या पुढे. त्यांच्यापैकी कुणाशी तरी तुम्ही नक्की बोलला असाल. फक्त ते तुम्हाला माहीत नाही, कारण ते सांगणं त्यांना परवडत नाही.

एचआयव्ही म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर अजून नव्वदच्या दशकातली भिंतीवरची पोस्टर्स येतात. कवटी, हाडं आणि खाली लाल अक्षरांत धमकी. मेडिकल सायन्स त्या पोस्टरच्या कितीतरी पुढे निघून गेलंय. आपण मात्र अजून तिथेच उभे आहोत. म्हणूनच हा अपडेट.

मूठभर गोळ्यांपासून एका गोळीपर्यंत

भारतात एचआयव्हीचं पहिलं निदान १९८६ मध्ये चेन्नईत झालं. तेव्हा यावर औषध जवळपास नव्हतंच. १९९६ च्या सुमाराला तीन औषधं एकत्र देण्याची पद्धत आली आणि पाश्चात्त्य देशांत मृत्यूंचं प्रमाण झपाट्याने खाली आलं. प्रॉब्लेम एकच होता, किंमत. एका पेशंटचा वर्षाचा खर्च दहा ते पंधरा हजार डॉलर. आपल्याकडच्या नोकरदाराने घर विकलं असतं, तरी ते किती वर्षं पुरलं असतं?

ही कोंडी फोडण्यात मुंबईचा वाटा मोठा आहे. २००१ मध्ये मुंबईच्या 'सिप्ला' कंपनीचे डॉ. युसुफ हमीद यांनी हेच तीन औषधांचं कॉम्बिनेशन वर्षाला साडेतीनशे डॉलरमध्ये द्यायची तयारी दाखवली. म्हणजे दिवसाला एक डॉलरपेक्षाही कमी! जगभरची गणितं बदलली. पुढे १ एप्रिल २००४ रोजी भारत सरकारने मोफत उपचार सुरू केले. पहिल्या आठ सरकारी हॉस्पिटल्समध्ये मुंबईचं जे. जे. होतं.

औषध मिळायला लागलं, पण जगणं लगेच सोपं झालं नाही. सुरुवातीच्या कॉम्बिनेशनमध्ये 'स्टॅव्ह्युडिन' नावाचं औषध असायचं. ते दीर्घकाळ घेणाऱ्यांचे गाल बसायचे, हातापायांची चरबी उतरायची. म्हणजे जे औषध जीव वाचवायचं, तेच चेहऱ्यावर बोर्ड लावायचं. दुसऱ्या एका औषधाने अंगातलं रक्त कमी व्हायचं. नंतर आलेलं 'एफाव्हिरेन्झ' रात्री झोपताना घ्यावं लागायचं. अनेकांना विचित्र, खरीखुरी वाटणारी स्वप्नं पडायची आणि सकाळी डोकं जड. अशा डोक्याने नऊ वाजता मीटिंगला बसून बघा!

शिवाय तेव्हा औषध लगेच सुरूही होत नसे. शरीराचं संरक्षण करणाऱ्या सीडी-४ पेशी एका ठरावीक आकड्याखाली घसरेपर्यंत वाट पाहायची, असा नियम होता. पॉझिटिव्ह आहोत हे कळलेलं, पण उपचार नाहीत, अशी टांगती तलवार घेऊन लोक काही वर्षं काढायचे. २०१५ मध्ये 'स्टार्ट' नावाच्या मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासाने दाखवून दिलं, की लवकर औषध सुरू करणाऱ्यांची तब्येत जास्त चांगली राहते. भारताने एप्रिल २०१७ मध्ये धोरण बदललं. आता रिपोर्ट पॉझिटिव्ह आला, की सीडी-४ कितीही असो, उपचार सुरू.

आजची सरकारी एआरटी सेंटर्समधली नेहमीची गोळी आहे टीएलडी. टेनोफोव्हिर, लॅमिव्ह्युडिन आणि डोल्युटेग्राव्हिर ही तीन औषधं एकाच गोळीत. भारतात ती २०२० नंतर टप्प्याटप्प्याने आली. दिवसातून एकदा, जेवणाआधी किंवा नंतर, सकाळी किंवा रात्री, तुमच्या सोयीने. फक्त वेळ ठरवायची आणि पाळायची. बहुतेकांना ती आधीच्या औषधांपेक्षा कितीतरी सुसह्य वाटते.

'अनडिटेक्टेबल'चा फंडा

आता या सगळ्यातला सर्वात भारी आणि सर्वात कमी लोकांना ठाऊक असलेला भाग.

रक्तात विषाणूंचं प्रमाण किती आहे हे मोजणाऱ्या टेस्टला व्हायरल लोड म्हणतात. गोळी नियमित घेतली, की साधारण सहा महिन्यांत बहुतेकांचा व्हायरल लोड इतका खाली जातो, की मशीनलाही तो सापडत नाही. याला म्हणतात 'अनडिटेक्टेबल'. याचा अर्थ विषाणू संपला असा नाही. तो शरीरातल्या काही पेशींमध्ये दडी मारून बसलेला असतो. गोळी बंद केली, की काही आठवड्यांत पुन्हा डोकं वर काढतो. म्हणून गोळी आयुष्यभर. पण तो दडलेला आहे तोवर तो शरीराचं फारसं वाकडं करू शकत नाही. आणि दुसऱ्याचंही नाही.

हे 'दुसऱ्याचंही नाही' फार महत्त्वाचं. २०११ मध्ये एका आंतरराष्ट्रीय अभ्यासाने दाखवलं, की पॉझिटिव्ह जोडीदाराने लवकर उपचार सुरू केले, तर दुसऱ्याला लागण होण्याची शक्यता ९६ टक्क्यांनी घटते. या अभ्यासाचं एक केंद्र आपल्या पुण्यात होतं, राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेत. त्यानंतर युरोपातल्या 'पार्टनर' अभ्यासांनी अजून पुढची गोष्ट सांगितली. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या टप्प्यात ७८२ गे जोडप्यांची माहिती तपासली गेली. प्रत्येक जोडीतला एक जण पॉझिटिव्ह, पण अनडिटेक्टेबल. कंडोमशिवाय सुमारे ७६ हजार वेळा संबंध आले. जोडीदाराकडून लागण किती जणांना झाली? शून्य. स्त्री-पुरुष जोडप्यांबद्दलही पहिल्या टप्प्याचा निकाल तोच होता.

म्हणून जगभरात २०१६ पासून एक घोषणा चालते: 'अनडिटेक्टेबल म्हणजेच अनट्रान्समिटेबल'. सोप्या मराठीत, सापडत नाही म्हणजे पसरत नाही.

याच्या मर्यादाही नीट समजून घ्या. हे सूत्र लैंगिक संबंधांपुरतं आहे आणि गोळी नियमित असेल तरच लागू होतं. इतर गुप्तरोगांपासून ही गोळी वाचवत नाही, त्यासाठी कंडोमच. अनडिटेक्टेबल असलेल्या माणसालाही रक्तदान करता येत नाही. पण एका कपात चहा पिणं, एका ताटात जेवणं, मिठी मारणं, एकच टॉयलेट वापरणं, जिममधलं बेंच, स्विमिंग पूल? यातून एचआयव्ही आधीही पसरत नव्हता, औषधं नव्हती तेव्हाही.

बॉडी रिपोर्ट

वेळेवर निदान झालं, गोळी चुकली नाही, तर आयुर्मान इतरांच्या जवळपास पोहोचतं, असं युरोप आणि उत्तर अमेरिकेतल्या पेशंट्सच्या दीर्घकाळच्या नोंदी सांगतात. अमेरिकन बास्केटबॉल स्टार मॅजिक जॉन्सनने आपण पॉझिटिव्ह असल्याचं १९९१ मध्ये जाहीर केलं, तेव्हा लोकांनी मनातल्या मनात त्याला श्रद्धांजली वाहून टाकली होती. त्याने नंतर भलामोठा बिझनेस उभा केला आणि वयाची साठी कधीच ओलांडली.

पण लांब जगायचं म्हटलं, की लांब जगण्याची दुखणी आलीच. डोल्युटेग्राव्हिरवर काहींचं वजन वाढतं, काहींची झोप बिघडते, काहींची शुगर वर जाते. झोपेचा त्रास असेल तर रात्रीची गोळी सकाळी घ्यायला सांगितलं जातं. टेनोफोव्हिरमुळे किडनी आणि हाडांवर लक्ष ठेवावं लागतं. एचआयव्ही असलेल्यांना हार्टच्या आजाराचा धोकाही इतरांपेक्षा जास्त असतो. २०२३ मध्ये 'रिप्रीव्ह' या अभ्यासात सुमारे ७,७०० लोकांवर पाहणी झाली. कोलेस्टेरॉलसाठी वापरली जाणारी स्टॅटिनची एक गोळी रोज घेतल्याने हार्ट अॅटॅकसारख्या मोठ्या घटना साधारण एकतृतीयांशाने कमी झाल्या. थोडक्यात, डॉक्टर आता 'वाचेल का?' या प्रश्नावरून 'पन्नाशीत याचं हृदय कसं असेल?' या प्रश्नावर आलेत. ही केवढी मोठी प्रगती आहे!

एक टिप जिमवाल्यांसाठी. कॅल्शियम, लोह, झिंक असलेले सप्लिमेंट्स आणि अॅसिडिटीच्या काही गोळ्या डोल्युटेग्राव्हिरला शरीरात नीट शोषू देत नाहीत. दोन्हींच्या वेळा किती अंतराने ठेवायच्या, हे डॉक्टरला विचारूनच ठरवावं. डायबेटिसचं मेटफॉर्मिन आणि टीबीचं रिफाम्पिसिन चालू असेल, तर डोसही बदलावे लागतात. आता गंमत बघा, डॉक्टरला हे सगळं सांगायचं, तर आधी 'मी एचआयव्हीची गोळी घेतो' हे सांगावं लागतं. कोपऱ्यावरच्या फॅमिली डॉक्टरला, ज्यांच्याकडे आपली मावशीही जाते! इथेच गाडी अडते.

खरा साइड इफेक्ट

'क्वालिटी ऑफ लाइफ' हा शब्द आपण फ्लॅट घेताना, जॉब बदलताना सर्रास वापरतो. एचआयव्हीच्या बाबतीत तो मोजण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने एक खास प्रश्नावली तयार केली आहे. तिच्यात सहा भाग आहेत: शरीर, मन, स्वावलंबन, नाती, भोवतालची परिस्थिती आणि श्रद्धा. तुम्हाला झोप लागते का, पैसे पुरतात का, मित्रांचा आधार वाटतो का, लोकांच्या दोष देण्याचा त्रास होतो का, भविष्याची भीती वाटते का, असे त्यातले प्रश्न. सहापैकी शरीराचा भाग गोळी बऱ्यापैकी सांभाळते. उरलेल्या भागांचं काय?

संयुक्त राष्ट्रांनी २०१४ मध्ये '९०-९०-९०' असं टार्गेट ठरवलं होतं. ९० टक्के लोकांना आपलं स्टेटस माहीत असावं, त्यातल्या ९० टक्क्यांना उपचार मिळावेत आणि त्यातल्या ९० टक्क्यांचा विषाणू आटोक्यात असावा. २०१६ मध्ये काही संशोधकांनी विचारलं, चौथं नव्वद कुठे आहे? विषाणू आटोक्यात आलेल्यांपैकी ९० टक्के लोकांचं जगणं चांगलं असावं, हे कुणी मोजायचं? प्रश्न अगदी रास्त होता. लॅबचा रिपोर्ट उत्तम आहे, पण माणूस रात्री जागा आहे, तर याला बरं होणं म्हणायचं का?

आपल्या काल्पनिक मित्राकडे परत येऊ. गोळी गिळायला त्याला जेमतेम अर्धा मिनिट लागतो. ती लपवायला मात्र पूर्ण दिवस. डबीवरचं लेबल सोलून टाकायचं. बॅगेत डबी खुळखुळू नये म्हणून आत कापूस भरायचा. पीजीमध्ये रूममेटने कपाट उघडलं तर? गोळीची वेळ मीटिंगमध्ये आली तर? एआरटी सेंटरची वेळ बहुधा सकाळच्या ओपीडीची, मग रजेचं नवं कारण शोधायचं. सेंटरच्या रांगेत कुणी ओळखीचं दिसलं तर? काही जण तर घराजवळचं सेंटर सोडून मुद्दाम लांबच्या सेंटरला नाव घालतात. तिकडे जाण्यायेण्यात अर्धा दिवस जातो. आणि धावपळीत गोळी चुकली, तर सगळ्या गणितावर पाणी.

आता तुलना करा. ऑफिसात कुणी म्हणालं, 'अरे, मला शुगर निघाली', तर काय होतं? जेवणाच्या टेबलावर सल्ल्यांचा पाऊस. एक जण मेथीदाणे सुचवतो, दुसरी कारल्याचा रस, तिसऱ्याच्या काकांची शुगर जांभळाच्या बियांनी उतरलेली असते. वैताग येतो, पण त्या वैतागात माया असते. डायबेटिसही आयुष्यभराचा, त्यालाही रोज गोळी. एचआयव्हीला मात्र कुणी मेथीदाणे सुचवत नाही. पहिला प्रश्न येतो, 'कसा झाला?' म्हणजे काळजी नंतर, आधी कॅरेक्टर सर्टिफिकेट.

या नजरेची मोठी किंमत गोव्याच्या डॉमिनिक डिसूझाने मोजली होती. १९८९ मध्ये तो पॉझिटिव्ह असल्याचं कळल्यावर त्याला तिथल्या कायद्याखाली चक्क पकडून ६४ दिवस एकांतात ठेवलं गेलं. कोर्टात लढून तो बाहेर आला, इतरांसाठी काम करू लागला आणि १९९२ मध्ये गेला. २००५ चा ओनीरचा 'माय ब्रदर निखिल' बघितला असेल, तर त्यामागची प्रेरणा हीच. आता असं कुणी कोंडून ठेवत नाही. पण माणूस स्वतःच स्वतःला कोंडून घेतो, त्याचं काय?

मनावरचा हा ताण साधा नसतो. एचआयव्हीसह जगणाऱ्यांमध्ये डिप्रेशनचं प्रमाण जास्त आढळतं. डिप्रेशनमध्ये गोळ्या चुकतात, गोळ्या चुकल्या की विषाणू वाढतो. म्हणजे लोकांच्या नजरेची भीती शेवटी रक्ताच्या रिपोर्टमध्ये उतरते. कलंक हा फक्त 'सोशल इश्यू' नाही, तो मेडिकल इश्यू आहे.

एचआर, मेडिक्लेम आणि ऑनसाइट

२००४ मध्ये रेवतीचा 'फिर मिलेंगे' आला होता, आठवतोय? शिल्पा शेट्टी अॅड एजन्सीत टॉपला. एचआयव्ही असल्याचं कळतं, नोकरी जाते आणि ती कोर्टात जाते. सिनेमा वाटतो, पण असा लढा मुंबईत त्याआधीच झाला होता. एका कामगाराला केवळ पॉझिटिव्ह आहे म्हणून एका सार्वजनिक कंपनीने काम नाकारलं. १९९७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला, की माणूस कामासाठी फिट असेल आणि इतरांना धोका नसेल, तर एवढ्या कारणावरून त्याला नोकरी नाकारता येणार नाही. खटल्यात त्याचं खरं नाव येऊ दिलं नाही. कायद्याच्या पुस्तकात तो फक्त 'एमएक्स' आहे.

आज तर यासाठी स्वतंत्र कायदा आहे. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. ऑफिसवाल्यांनी लक्षात ठेवण्यासारखे मुद्दे असे:

* नोकरी देण्याआधी एचआयव्ही टेस्टची अट घालता येत नाही. टेस्ट करायची तर तुमची माहितीपूर्ण संमती हवी.
* केवळ स्टेटसवरून नोकरी, शिक्षण, उपचार किंवा भाड्याचं घर नाकारणं हा बेकायदा भेदभाव आहे.
* कुणालाही आपलं स्टेटस सांगण्याची सक्ती करता येत नाही आणि कळलेलं स्टेटस संमतीशिवाय पसरवता येत नाही.
* शंभर किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनेत यासाठी तक्रार अधिकारी नेमावा लागतो. हॉस्पिटल्ससाठी ही मर्यादा वीसची आहे.

तुमच्या कंपनीत हा तक्रार अधिकारी कोण आहे? एकदा एचआरला सहज विचारून बघा. तुम्हाला गरज नसेल, पण तुम्ही विचारलेल्या प्रश्नामुळे ज्याला गरज आहे त्याचं काम सोपं होईल.

इन्शुरन्सचंही बघा. योग्य आकडेवारीचा आधार नसताना केवळ एचआयव्हीमुळे विमा नाकारणं, हा कायद्यानुसार भेदभावच आहे. २०२३ मध्ये विमा नियामकाने हेल्थ इन्शुरन्स कंपन्यांना एचआयव्ही असलेल्यांसाठी पॉलिसी आणायला सांगितलं. घेताना अटी बारकाईने वाचा आणि फॉर्मवर खोटं लिहू नका.

आणि ऑनसाइट? अमेरिकेने एचआयव्ही असलेल्यांवरची प्रवेशबंदी जानेवारी २०१० मध्ये उठवली. आखाती देशांपैकी बहुतेकांमध्ये मात्र कामाच्या व्हिसासाठी एचआयव्ही टेस्ट होते आणि पॉझिटिव्ह आली तर व्हिसा मिळत नाही. म्हणून दुबईची भरघोस ऑफर कुणी कारण न देता सोडली, तर 'वेडा आहे का हा?' म्हणण्याआधी जरा थांबा.

लग्न, मुलं वगैरे

'आता स्थळं बघायला घ्यायची ना?' हा प्रश्न कुठल्याही पंचविशी-तिशीतल्या मराठी मुलाला नि मुलीला घाम फोडतो. पॉझिटिव्ह असेल तर विचारूच नका. आईबाबांना माहीत असेल तर घरात तणाव, माहीत नसेल तर रोज नवा बहाणा.

कायद्यानेही इथे घोळ घातला होता. १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात एचआयव्ही असलेल्यांचा लग्नाचा हक्क जणू स्थगित असल्याचं म्हटलं होतं. २००२ मध्ये न्यायालयानेच ती टिप्पणी अनावश्यक होती असं सांगून बाजूला ठेवली. लग्न करता येतं. जोडीदाराला मात्र आधी स्पष्ट सांगायला हवं, यात दुमत नाही. 'पॉझिटिव्ह साथी'सारखी, पॉझिटिव्ह वधू-वरांसाठीची वेबसाइट महाराष्ट्रातून २००६ मध्येच सुरू झाली. आणि एक जोडीदार पॉझिटिव्ह, दुसरा निगेटिव्ह अशी जोडपीही उपचारांच्या जोरावर उत्तम संसार करतात.

मुलांचं काय? उपचार नसतील तर आईकडून बाळाला लागण होण्याची शक्यता १५ ते ४५ टक्के असते. आईने वेळेत औषधं सुरू केली आणि बाळालाही जन्मानंतर औषध दिलं, तर ती पाच टक्क्यांखाली येते. स्तनपानाचा निर्णय डॉक्टरांशी बोलून घ्यायचा. म्हणजे आजी-आजोबा होण्याचं स्वप्न बघणाऱ्या आईबाबांसाठीही बातमी चांगलीच आहे. फक्त ती त्यांच्यापर्यंत पोहोचवणार कोण?

गोळी वेळेवर येते ना?

हे सगळं उभं आहे ते एका गोष्टीवर, डबी संपायच्या आत पुढची डबी मिळण्यावर. २०२२ च्या जुलैपासून दिल्लीत राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्थेच्या, म्हणजे 'नाको'च्या कार्यालयासमोर पेशंट्सनी ४२ दिवस धरणं धरलं होतं, कारण अनेक ठिकाणी औषधांचा तुटवडा होता. एका महिन्याऐवजी काही दिवसांच्याच गोळ्या हातात पडत होत्या. रोजंदारीवर काम करणाऱ्याने आठवड्याला दोनदा सेंटरला खेटे घालायचे, तर मजुरी कधी करायची? आपल्या मित्राने आठवड्याला दोनदा हाफ डे टाकायचा, तर बॉसला काय सांगायचं? उपचार मोफत असणं आणि उपचार हातात असणं यात फरक आहे. तो ज्यांना रोज जाणवतो, ते रस्त्यावर बसले. नाव लपवून जगणाऱ्यांनी असं चारचौघांत बसायला किती हिंमत लागली असेल, विचार करा.

कलीगने विश्वासाने सांगितलं तर...

* 'कसा झाला?' हा प्रश्न गिळा. उत्तराने तुमचं किंवा त्याचं काहीही बदलणार नाही.
* 'सांगितलंस ते बरं केलंस. गोळ्या नीट चालू आहेत ना?' एवढं पुरे आहे.
* बातमी बायकोला, बेस्ट फ्रेंडला, 'फक्त तुलाच सांगतो' म्हणून कुणालाही नाही. हे गुपित तुमचं नाही.
* दया दाखवू नका. त्याला काम कमी देऊ नका, प्रमोशनच्या यादीतून मनातल्या मनात नाव काढू नका.
* दुसऱ्या दिवशी त्याच्या डब्यातली भाजी नेहमीसारखी खा. लेक्चरपेक्षा याचा परिणाम जास्त होतो.
* कॅन्टीनमध्ये कुणी एड्सवर फालतू जोक मारला तर हसू नका. ऐकणाऱ्यांत कोण बसलंय, ते तुम्हाला ठाऊक नसतं.

आणि तुमचं स्वतःचं काय?

हा लेख 'त्यांच्या'बद्दल आहे असं वाटून तुम्ही निवांत वाचत असाल, तर एक प्रश्न. तुम्ही स्वतः टेस्ट कधी केली होती? सरकारी केंद्रांवर ती मोफत आणि गोपनीय असते, आधी आणि नंतर समुपदेशनही मिळतं. लागण झाल्यावर काही आठवडे टेस्ट निगेटिव्ह येऊ शकते, त्यामुळे पुन्हा कधी करायची ते समुपदेशकाला विचारा. कंडोम फाटला, असुरक्षित संबंध आला किंवा सुई टोचली, अशी काही भीती असेल, तर घाबरून घरी बसू नका. ७२ तासांच्या आत औषधं सुरू करून ती २८ दिवस घेतली, तर लागण टळण्याची चांगली शक्यता असते. जितक्या लवकर तितकं बरं. 'नाको'ची १०९७ ही हेल्पलाइन फुकट आहे.

रिपोर्ट पॉझिटिव्ह आलाच, तर तुम्हाला काय हवं असेल? गोळी तर मिळेल. त्याबरोबर हवा असेल नेहमीचा डेस्क, नेहमीची टीम, नेहमीच्या शिव्या देणारा मित्र आणि घरी आईच्या हातचं ताट, वेगळं न काढलेलं. हे चौथं नव्वद कुठल्याही कारखान्यात बनत नाही, ते आपल्यासारख्यांनीच पुरवायचं आहे. आणि त्यासाठी तुमच्या टीममध्ये नेमका कोण पॉझिटिव्ह आहे, हे शोधून काढायची काही गरज नाही. सगळ्यांशीच तसं वागलं, की झालं.